फेटा बांधलेलं पिंप

जगातली सर्वांत मोठी लढाई मातीखाली चाललेली असते, आणि तिच्या निकालावर माणसाचं भवितव्य ठरतं. हे वाक्य मला गेवराईत सुचलं तेव्हा बरंच भारदस्त वाटलं होतं. पण ते सुचलं तेव्हा मी एका पंक्चरच्या दुकानात आडव्या टाकलेल्या ट्रकच्या टायरवर बसले होते आणि समोर निळ्या प्लास्टिकच्या पिंपात कॉम्प्रेसरची नळी बुडबुडे सोडत होती. लढाईवर निघालेलं सैन्य त्या पिंपात होतं. मोटारसायकलवाला आला की दुकानदार नळी काढायचा, त्याच्या चाकात हवा भरायचा आणि नळी परत पिंपात सोडायचा. तेवढा वेळ सैन्य श्वास रोखून बसायचं.

गेवराई

या सगळ्याला कारण माझी मैत्रीण वसुधा. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तिने सूक्ष्मजीव निवडले आणि मी भाषा. दोघींनाही लोक अजून विचारतात की याचा उपयोग काय. ती या भागातल्या एका कॉलेजात शिकवते. तिचा फोन आला, "दिवाळी झाली की ये. लेणी, किल्ले, देवळं यातलं काहीही दाखवणार नाही." इतकी चांगली अट मला आजवर कुणी घातली नव्हती. मी निघाले. चिपळूणहून गेवराईपर्यंतच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की तो संपला.

पहिली ओळख मातीची झाली. आमची कोकणातली लाल माती पाणी आलं की वाट करून देते आणि कुणात फार गुंतत नाही. इथल्या काळ्या मातीने वसुधाच्या घराच्या फाटकाशीच माझी एक चप्पल धरली, आणि बराच विचार करून परत दिली. दुसरी ओळख सुशीलेची. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाणे, हिरवी मिरची आणि फोडणी देऊन केलेला नाश्ता. आमच्याकडे चुरमुरे कोरडे खातात. ते भिजवून माणसात आणता येतात हे मला ठाऊक नव्हतं. मी तीनदा वाढून घेतली.

मग वसुधाने कॉलेजातली काचेची बशी दाखवली. हरभऱ्याला मर नावाचा रोग होतो. मातीतली एक बुरशी मुळातून आत शिरते, झाडाच्या पाण्याच्या वाटा तुंबवते, आणि काल हिरवं असलेलं रोप आज मान टाकतं. वरून फवारून उपयोग नाही, कारण शत्रू खाली आहे. गेल्या हंगामात उमापूरच्या एका शेतात हरभरा असा झोपला, तेव्हा वसुधा तिथे गेली आणि मेलेल्या रोपांकडे तिने फारसं पाहिलं नाही. मधूनच काही रोपं जणू काही घडलंच नाही अशा थाटात उभी होती. तिने ती मुळासकट खणून आणली.

"मेल्याची चौकशी सगळेच करतात," ती म्हणाली. "जगला तो कसा जगला, हे विचारायला कुणी जात नाही."

त्या मुळांना चिकटलेल्या मातीतून तिने एक जिवाणू वेगळा काढला. बशीत पांढरी बुरशी पिंजलेल्या कापसासारखी पसरली होती, आणि एका बाजूला त्या जिवाणूंचा पिवळट ठिपका होता. ठिपक्याभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ. बुरशी तिथवर येऊन थांबली होती. हे जिवाणू एक प्रतिजैविक तयार करतात. डॉक्टर आपल्याला गोळीत देतात त्याच कुळातलं द्रव्य, फक्त चिठ्ठी लागत नाही. बियाण्याला आणि खताला हे जिवाणू लावून पेरलं की उगवणाऱ्या मुळाभोवती त्यांची वस्ती होते आणि बुरशीला सहजासहजी आत येता येत नाही.

"म्हणजे हमखास?" मी विचारलं.

"बशीत हमखास. शेतात बघू. मातीत यांच्याखेरीज आणखी हजार भानगडी असतात."

शूर असले तरी हे जिवाणू अतिशय नाजूक. ऊन सोसत नाही, वाळणं सोसत नाही, आणि वाढवताना हवा सतत लागते. कॉलेजातली भांडी लहान, शेताला पिंपभर हवं. म्हणून वसुधाने महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानातल्या सलीमभाईंना गाठलं. सलीमभाई मेकॅनिक. दाढी मेंदीने लाल केलेली, आवाज कॉम्प्रेसरवर मात करील असा.

"पहिल्या टायमाला मी सीधी हवा सोडली," ते मला सांगत होते. "कॉम्प्रेसरचं ऑइल आत गेलं, सगळे खल्लास. मॅडमनी तोंड असं केलं, जसं माझ्याच घरात कुणी वारलंय. मग त्यांनी नळीत कापूस भरायला लावला, जिनिंगमधून आणलेला. आता हवा गाळून जाते. माझ्या पोरांना मी कधी गाळून हवा दिली न्हाई, मॅडम."

उमापूर

दुसऱ्या दिवशी आम्ही उमापूरला कौसाबाईंकडे गेलो. झोपलेलं शेत त्यांचंच. कौसाबाई पन्नाशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणाऱ्या. माझ्या चपला बघून त्यांनी माझ्याविषयीचं मत बनवलं आणि ते बदलायला मला दोन दिवस लागले. नवरा नामदेवराव ओट्यावर बसून पेरणीच्या तिफणीचे फण घट्ट करत होते.

कौसाबाईंनी घरातून पत्र्याचा डबा आणला. आत बारीक, लालसर हरभरा. त्यांच्या आईने लग्नात ओटीत घातलेलं बी. तेव्हापासून दरवर्षी पेरायचं, दरवर्षी त्यातलंच पुढे ठेवायचं. गेल्या साली मर आली आणि धान्याची कणगी भरून असायचं ते एका डब्यावर आलं.

"दुकानात हरभरा काय मिळत न्हाई का?" नामदेवराव फण ठोकत म्हणाले.

"मिळतो की. नवरे बी मिळतेत," कौसाबाई म्हणाल्या.

नामदेवरावांनी ठोकण्याचा वेग वाढवला. त्यांचं म्हणणंही तसं सरळ होतं. यंदा हरभरा झोपला तर त्या तुकड्यात ऊस लावायचा. एकदा ऊस लागला की हरभऱ्याला जागा नाही, आणि डब्यात उरलेलं बी पुढल्या वर्षापर्यंत किडे खाणार. म्हणजे हा डबा पेरायची ही शेवटची वेळ होती, आणि ते डब्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

शेतात वापसा आला होता. परतीच्या पावसाचं पाणी मुरून माती मुठीत धरली तर गोळा होईल आणि सोडली तर फुटेल, अशी झाली होती. हा काळ दोन-चार दिवसांचा असतो. पिंप तयार होतं. खरं तर त्याच संध्याकाळी पेरता आलं असतं. पण गावाला बातमी लागली होती, आणि गावातल्या उत्साही मंडळींनी साहेबांची दुसऱ्या दिवसाची तारीख घेतली होती.

साहेब नक्की कशाचे साहेब होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारल्यावर लोक माझ्याकडे दयेने पाहत.

सोहळा

कौसाबाईंच्या शेताचा रस्त्याकडचा पट्टा साहेबांच्या हस्ते पेरायचा ठरला होता. मांडव घातला होता, पण तो खुर्च्यांपुरता. सत्कारमूर्ती पिंप, ज्यात सलीमभाईंनी पहाटे मोठ्या पिंपातून माल भरून आणला होता, ते मांडवापुढे उन्हात, गळ्यात झेंडूचा हार घालून उभं होतं. साहेब दहाला येणार होते. अकराला ते निघाले असल्याचं कळलं. बाराला कळलं की ते निघणार आहेत.

"पिंप सावलीत घ्या हो," वसुधा संयोजकांना तिसऱ्यांदा म्हणाली. "आतले मरतील."

"मॅडम, पिंप मागं घेतलं तर फोटोत काय येणार?"

"तुम्ही या ना फोटोत!"

"आमी तर येणारच हाय."

वसुधा हात चोळत फेऱ्या मारू लागली. टेबलावर साहेब आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या मंडळींसाठी शालींची चळत होती. सलीमभाईंनी शांतपणे दोन शाली उचलल्या, पाण्याच्या टँकरखाली धरून चिंब केल्या, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने पिंपाजवळ जाऊन म्हणाले, "आधी सत्कार जिवाणूंचा!"

त्यांनी पिंपाला शाल गुंडाळली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. आपल्याकडे एकदा शाल घातली गेली की ती कशाला घातली हे विचारायची पद्धत नाही. सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला. "या पिंपात कोट्यवधी जिवंत जिवाणू आहेत! बळीराजाचे हे अदृश्य शिलेदार!" फेटे बांधणारा रिकामाच बसला होता, त्याने पुढे होऊन पिंपाच्या झाकणावर तुरा काढलेला भगवा फेटा बांधला. दर थोड्या वेळाने सलीमभाई तांब्याभर पाणी ओतून शाल पुन्हा ओली करत आणि नमस्कार करून मागे सरत. ओलं कापड वाऱ्याने थंड होत होतं. उन्हाळ्यात डेऱ्यातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे शास्त्र.

"माझ्या लग्नात यांना एवढा मोठा फेटा न्हवता," कौसाबाई म्हणाल्या.

"डोकं बी एवढं मोठं न्हवतं," नामदेवराव म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं खेळकर वाक्य होतं.

साहेब दीडला आले. त्यांनी भाषणात जिवाणूंची थोरवी सांगितली आणि तीनदा त्यांना विषाणू म्हटलं. मग फेटा उतरवला गेला, झाकण निघालं, साहेबांनी पिंपात हात घातला, कौसाबाईंनी दिलेल्या चार ओंजळी बियांवर ते पाणी शिंपडलं आणि बी पट्ट्यात पेरलं गेलं. टाळ्या चालू असताना वसुधाने पिंपावर वाकून वास घेतला. तिचा चेहरा उतरला. मीही वास घेतला. पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास.

पंचायतीचा पाणीवाला गणपत बाजूलाच अभिमानाने उभा होता.

"गणपतराव, यात काही टाकलंत?" वसुधाने विचारलं.

"टाकलं की! माईकवर सांगितलं ना, पाण्यात जिवाणू हायेत म्हणून. सायेब त्यात हात घालणार. मग मी काय बघत बसू? दोन मुठी टीसीएल पावडर टाकली. आता एक बी जिता न्हाई, मॅडम. गॅरंटी!"

गावाच्या विहिरीत, टाकीत, जिथे जिवाणू असल्याचं कळेल तिथे जंतुनाशक पावडर टाकणं हे त्याचं काम. इतक्या वर्षांत ते त्याने एकदाही चुकवलं नव्हतं. त्याला रागवायचं कसं, हे वसुधाला कळेना. ती नुसतीच म्हणाली, "छान." उन्हातून सुखरूप आलेले कोट्यवधी शिलेदार स्वच्छतेने मेले.

साहेबांच्या गाड्या गेल्यावर कौसाबाई डबा मांडीवर घेऊन बांधावर बसल्या. आता त्या माझ्या चपलांकडेही बघत नव्हत्या.

"झालं तेवढं बास," नामदेवराव म्हणाले. "सकाळी तिफण घालतो. वापसा काय साहेबाची वाट बघत न्हाई."

"परवा सकाळपर्यंत थांबा. मॅडमला दुसरं पिंप करू द्या," कौसाबाई म्हणाल्या.

"कावून?"

"बाजरीच्या टायमाला तुमी लग्नाला गेलता. मी थांबलेच ना?"

नामदेवरावांनी माती मुठीत घेतली, दाबली, सोडली, पुन्हा घेतली. "परवा सकाळी. ऊन चढायच्या आत. न्हाईतर मी पेरणार, तसंच."

वसुधा सलीमभाईंकडे वळली. "दुकानातलं मोठं पिंप, ज्यातून माल काढलात, ते धुतलंत का?"

सलीमभाईंनी मान खाली घातली. "सच सांगू मॅडम? धुवायचं ऱ्हाऊन गेलं. तळाला बादलीभर पानी अजून तसंच हाय. तुमी किती टायमा सांगितलं होतं, पण…"

वसुधा जवळजवळ नाचली. आळसाचं इतकं मनापासून कौतुक झालेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. दह्याला विरजण लागतं तसं ते बादलीभर पाणी होतं.

पुन्हा गेवराई

उकळून निववलेलं पाणी, गूळ आणि तळातलं विरजण घालून पिंप पुन्हा भरलं. तोंडाला धुतलेलं धोतर बांधलं, नळी आत सोडली. आता हवा खंडायला नको होती, आणि दुकान महामार्गावर. वाळूचे ट्रक एकामागून एक येत होते.

"हवा भरा, सलीमभाई."

"नक्को. चालू हाय."

"कुणाला चालू हाय?"

"जिवाणूंना."

ड्रायव्हरने पिंपाकडे पाहिलं. "कोण जिवाणू बे? त्यांची गाडी कुठाय?"

सलीमभाईंनी त्याला बशीतल्या रिकाम्या वर्तुळापासून सगळं समजावून सांगितलं. त्यात मरीची बुरशी वाळूमाफियासारखी मुळात घुसते अशी एक उपमा होती, जी ऐकून वाळूचा ड्रायव्हर जरा गंभीर झाला आणि चहा मागवून थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. कॉम्प्रेसर धापा टाकत बंद पडला. टाकीतली हवा थोडा वेळ पुरली, मग बुडबुडे विरळ झाले. सलीमभाईंनी आतून पायाने दाबायचा जुना पंप काढला, नळीला जोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जोडाक्षरं तपासण्यात आयुष्य घालवलेली बाई. पदर खोचून पंप मारू लागले. मी दमले की वसुधा, मग सलीमभाई, मग हवेसाठी खोळंबलेले ड्रायव्हर. ज्याला घाई होती तो जास्त जोरात मारत होता. शेजारचा फळवाला सगळ्यांना मोसंबी सोलून देत होता, आणि एका लग्नाच्या बसमधली मंडळी तर नुसती गंमत म्हणून रांगेत उभी राहिली. नवरदेवानेही थोडा वेळ मारला. लाईट आली तेव्हा सगळ्यांनी ओरडा केला, आणि लग्नाच्या बसला उशीर झाला म्हणून नवरीकडच्यांचे फोन सुरू झाले.

संध्याकाळी वसुधाने थेंब काचेवर घेऊन कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मला फक्त अंगठा दाखवला.

पेरणी

पिंप ओल्या पोत्यात गुंडाळून सलीमभाईंच्या टेम्पोतून उमापूरला पोचलं तेव्हा ऊन झाडाच्या शेंड्यावरच होतं. नामदेवराव तिफणीशेजारी उभे. त्यांनी पिंपाकडे नाही, आभाळाकडे पाहिलं, आणि "चला" म्हणाले. गणपतला त्या सकाळी खास चहाला बोलावून पिंपापासून लांब बसवलं होतं.

बाभळीच्या सावलीत ताडपत्रीवर डबा उपडा झाला. गार गुळवण्यात जिवाणूंचं पाणी मिसळून कौसाबाईंनी ते बियांना हलक्या हाताने चोळलं. लहान पोराला तेल लावावं तसं. उरलेलं पाणी शेळ्यांच्या लेंडीखतात कालवून तिफणीने पडणाऱ्या तासात टाकायला घेतलं. बी चोळून झालं आणि कौसाबाईंनी सवयीने ताडपत्रीचं टोक धरून ती उन्हात ओढली. ओलं बी उन्हात घालायचं, हे त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक.

"नको!" वसुधा, सलीमभाई आणि मी एकदम ओरडलो. लांबून चहा पिणारा गणपतही ओरडला. त्याला आता सगळं कळलं होतं.

कौसाबाई हसत सुटल्या. मला वाटतं, दोन दिवसांत पहिल्यांदाच. नामदेवरावांनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरून ती सावलीत मागे घेतली.

मग तिफण चालली. दुपारी बांधावर बाजरीची भाकरी आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड, घातलेली काळी, तिखट आमटी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "भावना दाटून आल्या का?" वसुधाने विचारलं. मी पाणी मागितलं.

जानेवारीत

कौसाबाईंचा फोन आला, "बाई, ओला हरभरा खायला या. चांगल्या चपला घाला." मी दुसऱ्यांदा गेले.

शेत हिरवं उभं होतं, घाट्यांनी भरलेलं. अधूनमधून एखादं रोप झोपलेलं दिसत होतं. वसुधा अशा प्रत्येक रोपाशी थांबून मुळं बघत होती. पण झोपलेलं शोधावं लागत होतं, गेल्या वर्षी जगलेलं शोधावं लागलं होतं. नामदेवरावांनी हरभऱ्याच्या डहाळ्यांचा जाळ केला आणि आम्ही राखेतले काळे घाटे फोडून हिरवे, गोड दाणे खाल्ले. सगळ्यांची तोंडं काळी.

"मग, ऊस?" मी नामदेवरावांना विचारलं.

त्यांनी एक घाटा सोलून तोंडात टाकला. "पलीकडच्या तुकड्यात लावू," ते म्हणाले.

कौसाबाईंनी यंदा कणगी सारवून ठेवली होती. डब्यात त्यांनी शेंगदाणे भरले होते.

निघताना आम्ही रस्त्याकडच्या पट्ट्यावरून गेलो. बी तेच, माती तीच, नांगरट तीच. तिथला हरभरा जवळजवळ सगळा वाळून पडला होता, आणि वसुधा तिथे सर्वांत जास्त खूश होती. शेजारी काहीही न लावलेला पट्टा असल्याशिवाय जिवाणूंनी काम केलं की नाही हे सांगता येत नाही, आणि असा पट्टा कुणी शेतकरी स्वतःहून देत नाही, असं तिने मला समजावलं. पट्ट्याच्या तोंडाशी अजून पाटी उभी आहे. तिच्यावर हाताची ओंजळ रंगवली आहे आणि खाली साहेबांच्या शुभहस्ते जिवाणू पेरल्याचं लिहिलं आहे. वसुधाने त्या पट्ट्याची नोंद "जिवाणू न वापरलेला" अशी केली आहे.